गॅरेजमधली कपाटे: विकत आणलेली, सुताराने केलेली आणि गवंड्याने बांधलेली

रत्नागिरीत समुद्रापासून जेमतेम दीड किलोमीटरवर आमचे घर आहे. घर चिऱ्याचे, म्हणजे जांभा दगडाचे, असून त्याला लागून गाडीसाठी बांधलेली १८ फूट लांब आणि १० फूट रुंद खोली आहे. पुढे लोखंडी शटर, खाली शहाबादी फरशी आणि मागे सलग १० फुटांची भिंत, अशी तिची रचना आहे. या मागच्या भिंतीवर २०१९ पासून मी तीन वेगवेगळ्या प्रकारची कपाटे वापरली. पहिली दुकानातून विकत आणली, दुसरी सुताराकडून करून घेतली आणि तिसरी गवंड्याकडून बांधून घेतली. गॅरेजसाठी कपाट विकत घ्यावे की करून घ्यावे, असे मला नातेवाईक आणि शेजारी वारंवार विचारतात. त्यांना तोंडी सांगताना बरेचसे राहून जाते, म्हणून तिन्हींचे परीक्षण येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी मापे, कारण माझी पहिली चूक मापांतच झाली. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्या ४ मीटरच्या आत बसवलेल्या असतात आणि आमचीही तशीच आहे. ४ मीटर म्हणजे सुमारे १३ फूट दीड इंच. शटरपासून अर्धा फूट सोडून गाडी उभी केली, तर तिचे नाक आणि मागची भिंत यांच्यामध्ये साधारण ४ फूट ४ इंच उरतात. रुंदीत गाडीच्या दोन्ही बाजूंना मिळून साडेचार फूटही राहत नाहीत आणि त्यातच दरवाजे उघडायचे असतात. त्यामुळे बाजूच्या भिंतीला कपाट लावण्याचा विचार सोडावा लागतो. कपाट मागच्या भिंतीलाच घ्यावे लागते, आणि त्याची खोली जितकी वाढेल तितकी गाडीपुढे उभे राहून काम करण्याची जागा कमी होते. दुकानात कपाट उत्तम दिसते, परंतु दुकानात त्याच्यापुढे गाडी उभी नसते.

२०१९ च्या दिवाळीत मी स्टीलची दोन तयार कपाटे आणली. गोदरेजने १९२३ साली स्टीलचे कपाट बाजारात आणले आणि पुढे कोणत्याही कंपनीच्या लोखंडी कपाटाला ‘गोदरेजचे कपाट’ म्हणण्याची सवय मराठी घरांना लागली. आमच्या घरातही आजीचे तसे एक कपाट आतल्या खोलीत कित्येक वर्षे टिकून आहे, त्यामुळे स्टीलविषयी माझ्या मनात शंका नव्हती. मी आणलेली कपाटे मात्र गावातल्या एका दुकानातून घेतलेली, स्थानिक बनावटीची होती. साडेसहा फूट उंच, ३ फूट रुंद, १९ इंच खोल, पत्रा २२ गेजचा, वर पावडर कोटिंग आणि किंमत प्रत्येकी १३,५०० रुपये. दोन्ही एका दिवसात घरी आली, कुठे धूळ झाली नाही, कुणाची मजुरी ठरवावी लागली नाही आणि त्याच संध्याकाळी सामान आत गेले. तयार वस्तूचा हा मोठा गुण आहे आणि तो मी कमी लेखत नाही.

दोष हळूहळू समोर आला. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेले महिने खारे वारे असतात. पावडर कोटिंग जोपर्यंत अखंड आहे, तोपर्यंत आतल्या पत्र्याला काही होत नाही. मात्र कपाट सरकवताना किंवा पाना हातातून निसटताना एखाद्या कडेला टवका उडाला, की तेथे हवेतले मीठ बसते, ओल धरते आणि गंज रंगाच्या खालून आत सरकत जातो. आमच्या दोन्ही कपाटांचा तळ फरशीला टेकलेला होता आणि फरशी दर आठवड्याला पाण्याने धुतली जात होती. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा शटरखालून आत आलेले पाणी दोन दिवस कपाटांच्या तळाशी साचून राहिले. त्या वर्षीच्या गणपतीत तळाच्या पत्र्याला बोट लावले, तर तो पापडासारखा तुटला. दुकानदाराकडे गेलो असता गंज हमीत येत नाही असे उत्तर मिळाले, आणि पावतीच्या मागे ते खरोखरच छापलेले होते.

आतल्या सामानाचीही एक तक्रार होती. पावसाळ्यात पहाटे पत्रा थंड पडतो आणि आतल्या दमट हवेतले पाणी त्यावर जमते. पटाशी, ड्रिलची पाती, पान्यांचा संच यांवर एका पावसाळ्यात तांबूस थर चढला. कपाटाला वर आणि खाली वारा खेळण्याच्या जाळ्या असत्या, तर हे बरेच टळले असते. ज्यांना स्टीलचे कपाटच घ्यायचे आहे, त्यांनी जाळ्या असलेले घ्यावे, त्याचे पाय नायलॉनच्या ठोकळ्यांवर किंवा दगडी तुकड्यांवर किमान ४ इंच उचलून ठेवावेत, आणि पत्रा २० गेजचा मागावा. गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड. पुष्कळ लोक हे उलटे समजतात आणि विक्रेताही ते दुरुस्त करत नाही.

एक हिशेब राहिलाच. ३ फुटी कपाटे १० फुटांच्या भिंतीवर तीन बसतात आणि १ फूट मोकळा राहतो. त्या फटीत झाडू, पाइप आणि कोळिष्टके यांखेरीज काही जात नाही. शिवाय १९ इंच खोली गॅरेजला जास्त आहे. आपण ठेवतो त्या वस्तू, म्हणजे रंगाचा डबा, हेल्मेट, हत्यारांची पेटी, टोचन करण्याचा दोर, या बहुतेक १५ इंचांत मावतात. मागे उरलेल्या जागेत वस्तू विसरल्या जातात आणि पुन्हा विकत आणल्या जातात.

यानंतर सुताराकडे वळलो. आमच्या आळीतले सुतार हात चांगला असलेले गृहस्थ आहेत आणि पुढे जे बिघडले, त्यात त्यांच्या कसबाचा दोष नव्हता. ६ फूट रुंद आणि ७ फूट उंच असे कपाट ठरले. प्लायचा ताव ८ फूट बाय ४ फुटांचा येतो. मी आधी १८ इंच खोली सांगितली होती. ४ फुटांच्या रुंदीतून १८ इंचांच्या दोनच पट्ट्या निघतात आणि १२ इंचांची पट्टी उरते, म्हणजे पाव ताव बाजूला पडतो. खोली पावणेसोळा इंच धरली, तर करवतीची झीज धरूनही त्याच तावातून तीन पट्ट्या निघतात. ही गोष्ट सुतारांनीच मला खडूने फरशीवर आखून दाखवली. दोन इंचांच्या त्या बदलामुळे एक पूर्ण ताव वाचला, आणि गाडीपुढची जागाही तेवढी वाढली. करून घेण्याचा खरा फायदा येथे आहे: माप आपल्या भिंतीचे आणि आपल्या सामानाचे घेता येते.

प्लायच्या दर्जाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण पैसे येथेच वाचतात किंवा बुडतात. बाजारात ज्याला ‘कमर्शियल’ म्हणतात तो प्लाय आयएस ३०३ या मानकातला ओल सहन करणारा, म्हणजे एमआर दर्जाचा असतो. त्याच मानकात त्याच्या वरचा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळते पाणी सहन करणारा, दर्जा आहे. ‘मरीन’ म्हणून मिळणारा प्लाय आयएस ७१० चा असतो आणि त्याचा चिकटा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही सुटू नये, अशी त्याची कसोटी आहे. कोकणातल्या गॅरेजसाठी ७१० शिवाय दुसरा विचार करू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. तावावर आयएसआयचा छाप आणि मानकाचा क्रमांक पाहावा, आणि छाप कापून टाकण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवावा. मी १८ मिलिमीटरचे पाच ताव ७१० चे घेतले. मागच्या पाठीसाठी लागणारा ६ मिलिमीटरचा पातळ प्लाय कोणता आणायचा, हे मी सांगितले नाही. दुकानातून साधा कमर्शियल आला. दरवाजे उघडल्यावर पाठ दिसत नाही, म्हणून मीही विचारले नाही.

पावसाळ्यात वाळवी नेमकी त्या पाठीतून शिरली. चिऱ्याच्या भिंतीच्या सांध्यांतून मातीची बारीक नळी वर चढली, कपाटामागे पोहोचली आणि पाठीचा प्लाय आतून पोकळ झाला. बाहेरून काहीच दिसत नव्हते. जुन्या पावत्यांचे पुठ्ठ्याचे खोके उचलले तेव्हा त्याचा तळ हातात आला नाही आणि प्रकार कळला. प्लाय पाण्याला टिकतो म्हणजे वाळवीलाही टिकतो, असा समज मनातून काढून टाकावा. कपाट भिंतीपासून किमान २ इंच पुढे ठेवावे, म्हणजे नळी दिसते आणि पुसून टाकता येते. जमीन आणि भिंत यांच्या सांध्यावर दर फुटावर भोक पाडून वाळवीचे औषध सोडण्याचे काम कपाट बसवण्याच्या आधी करून घ्यावे. कपाट बसल्यानंतर तो सांधा झाकला जातो आणि माणूस हळहळत बसतो.

या कपाटाची दुसरी शिकवण फळीच्या लांबीची. एकूण वजन तेवढेच ठेवले, तर फळीचा आधारांमधला पल्ला दुप्पट केल्यावर तिची वाकण्याची मात्रा आठपट होते, आणि जाडी दुप्पट केली तर तीच मात्रा आठव्या हिश्श्यावर येते. ३ फुटांच्या पल्ल्यावर १८ मिलिमीटरची फळी ठेवून तिच्यावर रंगाचे २० लिटरचे दोन ड्रम ठेवले, तेव्हा सहा महिन्यांत फळीला स्पष्ट झोल आला आणि खालच्या दरवाजाची कड तिला घासू लागली. २ फुटांच्या पल्ल्यावर तीच फळी सरळ राहिली. तयार कपाटात हा पल्ला कारखान्याने ठरवलेला असतो. करून घेताना तो आपण ठरवतो, म्हणून जबाबदारीही आपली.

या सर्वांचा खर्च साहित्य, लॅमिनेट, बिजागऱ्या, कुलपे आणि मजुरी धरून ५२,००० रुपये झाला आणि सुतारकाम नऊ दिवस चालले. स्टीलच्या दोन कपाटांना २७,००० लागले होते. स्वतः केलेले किंवा करून घेतलेले स्वस्त पडते, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या अनुभवात, चांगल्या दर्जाचा प्लाय घेतला तर तसे होत नाही. स्वतःच्या हाताने करणाऱ्याची मजुरी वाचेल, परंतु ८ फुटी ताव काटकोनात कापायला चांगली करवत आणि जागा लागते, आणि गॅरेजमध्येच ती जागा नसते. दुकानातून ताव कापून आणण्याची सोय आता मिळते. त्यासाठी तुकड्यांची यादी घरी शांतपणे करून न्यावी.

भुशाच्या पाट्यांची, म्हणजे पार्टिकल बोर्डची, घडीबंद तयार कपाटे ऑनलाइन स्वस्तात मिळतात. ती मी घेतली नाहीत आणि घेणारही नाही. कडेने ओल शिरली की हे बोर्ड फुगते आणि मग स्क्रू त्यात पुन्हा धरत नाही. कोरड्या बैठकीच्या खोलीत त्याला जागा आहे, शटरच्या आड नाही.

तिसरा मार्ग मला जुन्या घराने सुचवला. आमच्या आजोळी स्वयंपाकघरात भिंतीत बांधलेले फडताळ होते. दगडी कप्पे आणि पुढे लाकडी दारे असलेल्या त्या फडताळात लोणच्याच्या बरण्यांपासून गवंड्याच्या थापीपर्यंत सारे राहत असे, आणि त्याला वाळवी लागल्याचे मी कधी ऐकले नाही. आज तेच काम आपण स्वयंपाकाच्या ओट्याखाली कडप्पा लावून करतो. मग गॅरेजमध्ये का करू नये, असा विचार आला आणि मे २०२३ मध्ये गवंडी बोलावला.

काम असे झाले. मागच्या १० फुटी भिंतीला लागून ६ इंच उंचीचा विटांचा चौथरा घेतला, म्हणजे धुण्याचे आणि शटरखालचे पाणी त्याच्या वर चढत नाही. त्यावर कडप्प्याची पाच उभी पाने अडीच अडीच फुटांवर उभी केली आणि तळ, मध्य व माथा अशी तीन आडवी पाने बसवली. खोली १६ इंच. माथा जमिनीपासून साडेतीन फुटांवर येतो आणि तो कामाचा ओटा म्हणून वापरता येतो, ज्यावर मी शेगडी दुरुस्त करण्यापासून सायकलचे चाक उघडण्यापर्यंत सर्व काही करतो. पाने भिंतीत दीड इंच खाचून बसवली आहेत. गवंडी आणि त्याचा मदतनीस यांना तीन दिवस लागले. एक आठवडा पाणी मारले आणि मग फॅब्रिकेटरने ॲल्युमिनियमची दारे बसवली. सरकती दारे घेतली नाहीत, कारण खालच्या पट्टीत वाळू अडकते. सव्वा फुटाची उघडणारी दारे गाडीपुढच्या ३ फुटांत आरामात उघडतात. एकूण खर्च २२,००० रुपये, त्यात अर्ध्याहून अधिक दारांचाच.

तीन पावसाळे गेले. कडप्पा गंजत नाही, फुगत नाही आणि वाळवीला त्यात खायला काही नाही. वाळवीच्या नळ्या भिंतीवर आजही दिसतात, परंतु त्या उभ्या पानाच्या कडेने चढून जातात आणि कापड किंवा पुठ्ठा आत नसेल तर कोठेच थांबत नाहीत. म्हणून आतले सर्व सामान मी झाकणाच्या प्लास्टिक डब्यांत ठेवतो. अडीच फुटांच्या पल्ल्यावर तेच दोन ड्रम ठेवले आहेत आणि पान तसूभरही वाकलेले नाही.

मात्र कडप्पा दोषरहित नाही आणि ते दोषही सांगितले पाहिजेत. तो चुनखडीचा दगड आहे, म्हणून आम्लाने झिजतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीतले पाणी सांडले तेथे माझ्या ओट्यावर पांढरट खड्डा पडला आहे. आता बॅटरी प्लास्टिकच्या परातीत असते आणि संडास धुण्याचे आम्लही त्या ओट्यावर ठेवत नाही. दगड ठिसूळ असतो, त्यामुळे त्यावर ऐरणीसारखे हातोड्याने ठोकू नये. ठोकायचे असेल तर जाड लाकडी फळी खाली घ्यावी. सर्वांत मोठी अडचण ही की हे कपाट जागचे हलत नाही. भाड्याच्या घरात किंवा दोन वर्षांत विकायच्या घरात ते बांधणे म्हणजे पैसे भिंतीत चिणणे होय. कप्प्यांची उंचीही एकदा ठरली की ठरली, म्हणून मधले पान बसवण्यापूर्वी सर्वांत उंच वस्तू हातात घेऊन माप घ्यावे. माझा एक पंप केवळ २ इंचांनी आत जात नाही आणि तो आजही बाहेर उभा असतो.

प्लायच्या कपाटाचे काय झाले, तेही लिहितो. त्याची पाठ गेली, पण ७१० चे दरवाजे आणि बाजू शाबूत होत्या. त्यांतून सुतारांनी दोन टांगती कपाटे करून दिली. टांगताना चिऱ्याचा स्वभाव लक्षात घ्यावा लागला. चिरा मऊ आणि सच्छिद्र असतो. त्यात अँकर बोल्ट आवळला की तो भोकातच फुलून आजूबाजूचा दगड भुगा करतो आणि काही महिन्यांत ढिला पडतो. त्याऐवजी कपाटाचा भार खिडकीच्या उंचीवरून जाणाऱ्या लिंटेलच्या काँक्रीट पट्ट्यात घेतला. काँक्रीटमध्ये बोल्ट पक्का बसतो. काँक्रीटच्या भिंतीत हा प्रश्न येत नाही, परंतु कोकणात चिऱ्याच्या भिंतीवर काहीही टांगण्यापूर्वी तो पट्टा कोठून जातो, ते शोधावे.

एक वस्तू मात्र मी विकत घेतली आणि तिच्याबद्दल पूर्ण समाधानी आहे: भोकांच्या अँगलची उघडी मांडणी, जिला दुकानात ‘स्लॉटेड अँगल रॅक’ म्हणतात. ६ फूट उंच, ३ फूट रुंद, १ फूट खोल, पाच फळ्या आणि किंमत ३,८०० रुपये. गाडीचे नाक आणि कडप्पा यांच्यामधल्या बाजूच्या भिंतीला ती नेमकी बसते. नट सोडून फळी वर-खाली करता येते आणि एखादी फळी गंजली तर तेवढीच बदलता येते. उघडी असल्याने तिच्यावर पाणी जमून राहत नाही. ती तयार घ्यावी, फॅब्रिकेटरकडून वेल्डिंग करून घेऊ नये, कारण वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्यावर रंग कमी बसतो आणि गंजाला तेथूनच सुरुवात होते. वरचे टोक भिंतीला बांधून ठेवावे. लहान मूल फळीवर पाय देऊन चढते, आणि मांडणी त्याच्यासकट पुढे येते.

पेट्रोल, थिनर आणि टर्पेंटाइन यांसाठी कोणतेही बंद कपाट योग्य नाही, मग ते तयार असो वा बांधलेले. विजेच्या स्कूटरची बॅटरी काढून कपाटात चार्जिंगला लावण्याची पद्धत मी दोन घरांत पाहिली. ती तातडीने बंद करावी. चार्जिंग मोकळ्या हवेत, दगडी किंवा फरशीच्या जागी व्हावे.

इमारतीत राहणाऱ्यांसाठी एक टीप. रेरा कायद्यात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियमनासाठीच्या २०१६ च्या अधिनियमात, वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेल्या जागेलाच गॅरेज म्हटले आहे. इमारतीखालच्या खांबांमधली उघडी पार्किंगची जागा त्या व्याख्येत बसत नाही. तेथे भिंतीला कडप्पा लावण्याचा किंवा कपाट ठेवण्याचा विचार असेल, तर आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी.

गेल्या महिन्यात नाशिकच्या मेहुण्यांनी हाच प्रश्न फोनवर विचारला. त्यांचे गॅरेज विटांचे आहे, पाऊस आमच्या मानाने फार कमी आहे, समुद्र दूर आहे आणि मुलगा पुढच्या वर्षी नोकरीसाठी बाहेर गेला, तर ते घर भाड्याने द्यायचे त्यांच्या मनात आहे. त्यांना मी २० गेजचे, जाळी असलेले स्टीलचे कपाट दुकानातून आणायला सांगितले, पाय ४ इंच वर उचलून. पाठोपाठ एक अँगलची मांडणीही. गवंडी बोलावू नका, असेही सांगितले.